ध्रुवावरची अवचित ऊब

२७ जानेवारी १९५२ रोजी बर्लिनच्या टेंपेलहोफ विमानतळावरून रोजच्यासारखा फुगा वर गेला. काही वर्षांपूर्वी, रशियन नाकेबंदीच्या दिवसांत, याच धावपट्टीवर अमेरिकन विमानं कोळसा आणि पीठ उतरवत होती. नाकेबंदी उठली, शहराची वाटणी मात्र राहिली. नाकेबंदीच्या धामधुमीतच, १९४८च्या डिसेंबरात, शहरात फ्री युनिव्हर्सिटी सुरू झाली आणि रिचर्ड शेरहाग यांनी तिच्यात हवामानशास्त्राची संस्था उभी केली. १९५१पासून त्यांनी स्थितांबराच्या, म्हणजे ढग-पावसाच्या वरच्या थराच्या, सलग नोंदी घ्यायला सुरुवात केली होती. त्या जानेवारीत फुग्याखालच्या रेडिओसाँडने वरून जे आकडे पाठवले, ते भर हिवाळ्याला अजिबात साजणारे नव्हते. तीसेक किलोमीटर उंचीवरची गोठलेली हवा भराभर तापत चालली होती. काही दिवसांनी ती निवळली. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पुन्हा तेच घडलं, आणि या खेपेला आणखी जोरात. शेरहाग यांनी त्याच वर्षी निबंध छापला आणि त्याच्या मथळ्यातच या तापण्याला स्फोटासारखं म्हटलं. पुढे बरीच वर्षं शास्त्रज्ञ त्याला ‘बर्लिनची घटना’ या अर्थाच्या नावाने ओळखत.

मी हवामान खात्यात उभी नोकरी फुगे सोडण्यात काढली. मुंबईत सांताक्रूझला, पुण्यात, आणि एक अख्खा हिवाळा अंटार्क्टिकात भारताच्या मैत्री ठाण्यावर. असा आकडा समोर आला, की निरीक्षकाच्या मनात निसर्गाचा विचार सगळ्यात शेवटी येतो. सेन्सर बिघडला असेल, बॅटरी उतरली असेल, आकडे उतरवताना गफलत झाली असेल, हेच आधी सुचतं. ड्यूटीवरचा माणूस त्या ओळीसमोर ‘संशयास्पद’ असा शेरा मारतो आणि पुढच्या फुग्याच्या तयारीला लागतो. शेरहाग यांना तसा शेरा मारावा लागला नाही, कारण त्यांच्यापाशी आदल्या दिवसांचे आकडे होते आणि दुसऱ्या दिवशीही फुगा जाणारच होता. आठवड्यातून एखादा फुगा सोडणाऱ्या ठाण्याला ही गोष्ट दिसली नसती. दिसली असती तरी पटली नसती.

ध्रुवीय स्थितांबराच्या या तापण्याचा इतिहास पुस्तकांत बहुतेक वेळा समीकरणांपासून सुरू होतो. शेरहाग यांच्या वाट्याला एखादी ओळ येते, ज्यांनी फुगे फुगवले त्यांच्या वाट्याला तीही नाही. मला हा इतिहास रबरापासून सांगायचा आहे.

पॅरिसजवळ त्राप इथे लेओं तेसरां द बोर हे स्वखर्चाने वेधशाळा चालवत. वार्निश लावलेल्या कागदाचे हायड्रोजन फुगे ते सोडत, आणि उन्हाने तापमापक तापू नये म्हणून पुष्कळदा रात्री सोडत. २३६ उड्डाणांच्या नोंदी हाताशी आल्यावर, २८ एप्रिल १९०२ रोजी, त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीला सांगितलं की साधारण अकरा किलोमीटरच्या वर हवा थंड होत जाणं थांबतं. तिकडे बर्लिनमध्ये रिशार्ड आस्मान यांनीही तीनच दिवसांनी तोच निष्कर्ष मांडला. आस्मान यांचा फुगा रबराचा होता. कागदी फुगा वर जाता जाता मंदावतो, शेवटी जवळजवळ थबकतो, आणि मग उपकरणावरून वारा वाहत नाही, ऊन तेवढं लागतं. बंद रबरी फुगा मात्र वर हवा विरळ होईल तसा फुगत जातो, वेग टिकवतो आणि ताणाची हद्द झाली की फुटतो. मी सोडलेला प्रत्येक फुगा त्याच जातीचा होता.

तेसरां द बोर यांनी १९०८मध्ये वरच्या थराला स्ट्रॅटोस्फिअर हे नाव दिलं, आपण त्याला स्थितांबर म्हणतो. नाव देताना मनातलं चित्र निवांत, थरांवर थर रचलेल्या हवेचं होतं. वादळं, ढग, पाऊस सगळं खाली तपांबरात, आणि वर शांतता. हे चित्र जवळजवळ पन्नास वर्षं टिकलं, कारण तिथे पुरेसा वेळ कोणी डोकावलंच नव्हतं.

आपल्याकडेही या कामाची जुनी परंपरा आहे. आग्र्याच्या वेधशाळेतून सोडलेले फुगे फुटल्यावर त्यांचं नोंदयंत्र कुठल्या तरी शेतात पडायचं. त्यावर चिठ्ठी असायची, यंत्र परत आणून देणाऱ्याला बक्षीस मिळेल अशी. नोंद हाती येणार की नाही, हे त्या शेतकऱ्यावर अवलंबून. के. आर. रामनाथन यांनी आग्र्याच्या आणि जगभरच्या अशा नोंदी एकत्र करून १९२९मध्ये ‘नेचर’मध्ये उत्तर गोलार्धाच्या हवेचा तापमान-नकाशा छापला. खालच्या स्थितांबरातली सगळ्यात थंड हवा विषुववृत्तावर, सतराएक किलोमीटर उंचीवर आहे, हे त्यातून जगाला कळलं. रामनाथन पुढे पुण्यात काम करत होते. खात्याचं मुख्यालय १९२८मध्ये सिमल्याहून पुण्याला हललं, म्हणून शिवाजीनगरची ती इमारत पुणेकरांच्या तोंडी आजही सिमला ऑफिसच आहे. तिच्या आवारात शिरताना मला रामनाथन यांच्या त्या नकाशाची आठवण हटकून व्हायची. लांबलांबच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी परत आणून दिलेल्या यंत्रांवर तो नकाशा उभा होता.

यंत्र परत मिळण्याची वाट पाहायची गरज १९३०नंतर संपत गेली. त्या वर्षी ३० जानेवारीला रशियात पावेल मोल्चानोव्ह यांनी रेडिओवरून आकडे पाठवणारं उपकरण फुग्याला बांधून सोडलं. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये रॉबेर ब्युरो यांचाही असाच प्रयत्न चालू होता. आता अडचण एकच उरली, फुगा लवकर फुटतो.

हे मी मैत्रीवर स्वतःच्या हातांनी अनुभवलं. शिर्माखर टेकड्यांच्या उघड्या खडकावर, प्रियदर्शिनी तळ्याच्या काठी आपलं ठाणं आहे. मे संपता संपता तिथे सूर्य उगवायचा थांबतो, तो जुलैच्या अखेरीपर्यंत. पुण्यात तयार झालेलं ओझोनसाँड आम्ही तिथून सोडायचो. छोट्या पंपाने बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून बुडबुड्यांनी न्यायची आणि ओझोनमुळे जो अगदी क्षीण विद्युतप्रवाह वाहतो तो मोजायचा, असं ते यंत्र. द्रावण वर गोठू नये म्हणून सगळं थर्माकोलच्या डब्यात. डबा बंद करताना हातमोजे काढावेच लागतात आणि बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात. ती थांबली की घाई करायची, हे पहिल्याच आठवड्यात कळतं. वारा असेल तर फुगा तोंडाशी धरून दोघातिघांनी उभं राहायचं, आणि झुळूक जरा पडली की सोडायचा.

एवढं करून तो फुगा पुण्यातल्यापेक्षा खालीच फुटायचा. कारण साधं आहे. दिवसा उन्हामुळे रबर थोडं तापून लवचिक राहतं. ध्रुवीय रात्रीत ते सुख नाही, आणि वीस किलोमीटरवर हवा उणे ८५, उणे ९० अंशांपर्यंत उतरलेली. रबर ताणायच्या ऐवजी कडक होतं आणि चिरतं. ध्रुवीय ठाण्यांवर यावर एक जुना उपाय आहे, फुगा सोडण्याआधी केरोसीन किंवा डिझेलसारख्या तेलात बुडवून निथळू द्यायचा. तेल मुरलेलं रबर थंडीत मऊ राहतं. तेलाचा तो वास कपड्यांतून जात नाही. पण त्या बुडवण्याने आणखी काही किलोमीटर पदरात पडतात, आणि स्थितांबराच्या गोष्टीत तेवढे किलोमीटर म्हणजे सर्वस्व. बर्लिनच्या नोंदी तरी वेगळ्या का ठरल्या? युद्धानंतर आलेले चांगल्या प्रतीचे अमेरिकन फुगे त्यांच्या हाती होते आणि ते तीस किलोमीटरपर्यंत तग धरत. तापण्याचा खेळ त्या उंचीवर ठळक दिसतो.

शेरहाग यांचा पहिला संशय सूर्यावर गेला. फेब्रुवारी १९५२मध्ये सूर्यावर मोठा उद्रेक दिसला होता, आणि वरून आलेली उष्णता वरूनच कुठून तरी आली असणार, असं वाटणं स्वाभाविक होतं. त्यांनी तर्कावर थांबून राहण्याऐवजी माणसं जमवली. बर्लिनमध्ये त्यांच्या गटाने स्थितांबराचे नकाशे काढायला घेतले. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात उत्तरेकडच्या आणि अंटार्क्टिकाच्या ठाण्यांचं जाळं दाट झालं, तसा या नकाशांना भरीवपणा आला. नकाशे ५०, ३० आणि १० मिलिबार दाबाच्या पातळ्यांचे. जगभरच्या फुग्यांचे आकडे कागदावर मांडायचे आणि समान उंचीच्या रेषा पेन्सिलीने, हाताने ओढायच्या. मी हे काम खालच्या पातळ्यांसाठी केलेलं आहे. दोन ठाण्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत रेषा कशी वळवायची, हे कालचा नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय समजत नाही. एखाद्या ठाण्याचा आकडा न जुळणारा असेल, तर तो खोटा की रेषा चुकली, हे ठरवताना त्या ठाण्याची जुनी खोडही ठाऊक असावी लागते.

त्या गटात कारिन लाबित्स्के नावाची विद्यार्थिनी आली आणि तिथेच प्राध्यापक झाली. १९३५ सालचा जन्म, शेरहाग यांच्याच तालमीत तयार झालेल्या. १९६४-६५च्या आंतरराष्ट्रीय ‘शांत सूर्य’ वर्षांत स्थितांबर तापू लागलं की जगाला तारेने इशारा पाठवायची पद्धत सुरू झाली, त्यात बर्लिनच्या गटाचं काम कळीचं होतं. लाबित्स्के यांनी दशकानुदशकं हे नकाशे चालू ठेवले. संगणकाने नकाशे बनवणं सोपं झाल्यावरही बर्लिनमध्ये हाताने रेषा ओढणं चालू राहिलं, एकविसावं शतक उजाडेपर्यंत. मोजण्याची रीत मध्येच बदलली, तर हवेतला बदल कोणता आणि रीतीतला कोणता हे सांगता येत नाही. त्यांचा हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. लाबित्स्के २०१५मध्ये वारल्या. त्यांची मालिका तेव्हा आकड्यांच्या रूपात अभ्यासकांच्या हाती पोचलेली होती.

नकाशांनी एक गोष्ट लवकरच स्पष्ट केली. हिवाळ्यात ध्रुवाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांचं प्रचंड कडं असतं, त्याला ध्रुवीय भोवरा म्हणतात. तापण्याच्या दिवसांत हा भोवरा ध्रुवावरून बाजूला ढकलला जातो किंवा फाटून त्याचे दोन होतात. आणि त्याआधी काही दिवस त्याच्या कडेवर एक किंवा दोन अवाढव्य वळणं उठलेली असतात. अख्ख्या पृथ्वीला वेढणाऱ्या घेरावर एक किंवा दोन, त्याहून जास्त नाहीत. म्हणजे उत्तर लाटांमध्ये होतं.

या लाटांचं गणित १९३९मध्ये कार्ल-गुस्ताफ रॉस्बी यांनी मांडलेलं होतं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम विषुववृत्तापासून ध्रुवाकडे वाढत जातो, त्यामुळे उत्तर-दक्षिण सरकलेली हवा परत खेचली जाते आणि लाट उठते. हिमालय आणि तिबेटचं पठार, अमेरिकेतले रॉकी पर्वत, थंड खंडं आणि उबदार समुद्र यांच्यावरून जाताना वारा अशा लाटा सतत उठवत असतो. प्रश्न होता, त्या वर चढतात का. जूल चार्नी आणि फिलिप ड्रेझिन यांनी १९६१मध्ये तो उलट्या बाजूने विचारला. खालची एवढी शक्ती सरसकट वर झिरपली असती, तर वरची हवा सूर्याच्या प्रभामंडळासारखी भयंकर तापली असती. तसं होत नाही, मग ती अडते कुठे? त्यांचं उत्तर असं, की स्थिर लाटा पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यातूनच वर चढू शकतात, तोही वारा फार जोराचा नसेल तरच. उन्हाळ्यात स्थितांबरात वारा पूर्वेकडून वाहतो, तेव्हा दार बंद. हिवाळ्यात ते किलकिलं होतं, आणि त्यातून सगळ्यात लांब लाटाच निसटतात. नकाशांवर एक किंवा दोनच वळणं का दिसतात, याचा उलगडा झाला. आणि तीस किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या शंभराव्या हिश्श्याइतका उरतो, म्हणून तेवढीच शक्ती घेऊन चढणाऱ्या लाटेचा झोका तिथे दसपट होतो.

उरलेलं कोडं १९७१मध्ये जपानच्या तारो मात्सुनो यांनी सोडवलं. त्यांनी गणिती प्रतिकृतीत तपांबराच्या माथ्याशी एक लाट उठवली आणि वर काय होतं ते पाहिलं. वर पोचलेली लाट मोडते आणि वाऱ्याला उलट दिशेने रेटा देते. वारा मंदावतो, कधी कधी दिशाच पालटतो. त्याचा तोल गेल्यामुळे हवा ध्रुवाकडे सरकते आणि ध्रुवावर खाली बसते. दबलेली हवा तापते, सायकलच्या पंपाचा बुंधा तापतो तशी. कुठलंही ऊन नाही, कुठलाही स्फोट नाही. सूर्य महिनोन्‌महिने न दिसणाऱ्या ध्रुवावर काही दिवसांत चाळीस-पन्नास अंशांनी तापमान चढतं, आणि त्याची मुळं हजारो किलोमीटर दूर डोंगरांत असतात. आजही मी हे सांगताना थांबतो, इतकं ते मला अद्भुत वाटतं. शेरहाग आदल्याच वर्षी, १९७०मध्ये गेले होते. आपल्या फुग्यांनी टिपलेल्या गोष्टीचा हा उलगडा त्यांना वाचायला मिळाला नाही, याची रुखरुख वाटते.

त्याच सुमाराला निम्बस-३ उपग्रहाच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसली. ध्रुवाचं स्थितांबर तापतं, तेव्हा उष्णकटिबंधाचं थंड होतं, कारण ध्रुवाकडे हवा खाली बसते तितकीच ती आपल्याकडे वर उचलली जाते. केरळातल्या थुंब्याहून १९७०च्या दशकात दर आठवड्याला रशियन एम-१०० रॉकेटं सोडली जात, आणि पुण्यातही त्या नोंदींवर काम झालं. सांताक्रूझला फुग्याची दोरी हातातून सोडताना वरच्या हवेचं ध्रुवाशी इतकं जवळचं नातं असेल, हे मला तरुणपणी कोणी सांगितलं नव्हतं.

दक्षिणेची गोष्ट वेगळी. अंटार्क्टिका बऱ्यापैकी गोल आहे आणि भोवती सगळा समुद्र. हिमालय नाही, रॉकी नाही. लाटा दुबळ्या, म्हणून भोवरा वसंतापर्यंत अभंग आणि अतिथंड राहतो. उणे ७८च्या खाली तिथे विशिष्ट ढग तयार होतात, आणि त्यांच्या कणांवर क्लोरीन मोकळं होऊन सूर्य उगवताच ओझोन खातं. जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जॉनथन शँकलिन यांनी हॅली ठाण्याच्या नोंदींवरून १९८५मध्ये जाहीर केलेलं ओझोनचं छिद्र असं लाटांच्या दुबळेपणावरही उभं आहे. क्लोरीन दोन्ही गोलार्धांत होतं. थंडी मात्र एकाच ठिकाणी इतकी चिकाटीने टिकत होती.

उत्तरेत मोठं तापणं दहा वर्षांत सहाएकदा होतं. दक्षिणेत ते कधी नोंदलंच गेलं नव्हतं, आणि होणार नाही असंच बहुतेकांनी धरून चाललं होतं. २००२च्या सप्टेंबरअखेर दक्षिणेचा भोवरा फाटला आणि त्याच्याबरोबर ओझोनच्या छिद्राचेही दोन तुकडे झाले. उपग्रहांची चित्रं जगभर छापून आली. नंतर मागे जाऊन पाहिलं, तेव्हा त्या हिवाळ्यात आधीपासूनच लाटांचे धक्के एकामागून एक बसत आले होते आणि भोवरा हळूहळू खिळखिळा झाला होता, हे दिसलं. दक्षिणेत अशा घटनेआधी काय काय होतं, याचं दुसरं उदाहरणच हाताशी नव्हतं. उत्तरेबद्दल ते होतं, कारण बर्लिनमध्ये कोणीतरी रोज रेषा ओढत होतं.

या सगळ्याचा जमिनीवर राहणाऱ्यांशी संबंध काय, हे मार्क बाल्डविन आणि टिमथी डंकर्टन यांनी २००१मध्ये दाखवलं. वर मोडलेल्या भोवऱ्याचा परिणाम पायरीपायरीने खाली उतरतो आणि पुढचे कित्येक आठवडे वादळांच्या वाटा बदलतो. फेब्रुवारी २०१८मध्ये भोवरा फाटला आणि महिनाअखेरीस युरोपावर सायबेरियाची थंडी कोसळली. २०१९च्या सप्टेंबरात दक्षिणेत पुन्हा जोराचं तापणं झालं. भोवरा या खेपेला फाटला नाही, पण फार मंदावला. आणि ऑस्ट्रेलियातल्या हवामानशास्त्रज्ञांनी त्याच महिन्यांत लिहिलं, की अशा वर्षी त्यांच्या पूर्व किनाऱ्याचा वसंत उष्ण आणि कोरडा जातो. तो तसाच गेला, आणि त्यामागून वणव्यांचा तो भयंकर उन्हाळा आला. वणव्यांना इतरही कारणं होती, वर्षानुवर्षांचा दुष्काळ होताच. पण त्या इशाऱ्यातला एक धागा तीस किलोमीटर उंचीवरून आलेला होता.